धाकट्या जावेला दिलेले उत्तर

भाद्रपद वद्य अष्टमी. कल्याणास सासऱ्यांचे श्राद्ध होते आणि मी पहाटेपासून पाट्यावर वड्यांची उडदाची डाळ वाटत होते. आम्ही ठाण्यास राहत असू. कल्याणचे घर धाकट्या दिरांकडे होते आणि सासूबाई त्यांच्याजवळच असत, म्हणून मी आदल्या दिवशी गाडीने आले होते. धाकटी जाऊ समोर चुलीशी बसली होती. गेल्या श्राद्धाला मी तिला पाहिले तेव्हा ती सडसडीत होती. आता बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, आणि एक पातेले उतरवले की भिंतीला टेकून दम खावा लागत होता.

मी डाळ वाटत राहिले. तिचे हे असे होण्यात माझा हात होता.

माझी स्वतःची गोष्ट अशी. चौथ्या बाळंतपणानंतर मी इतकी सुटले की पाटावरून उठायला कोणाचा तरी हात लागे. मी आधी उपास वाढवले. सोमवार होताच, त्यात गुरुवार आणि दोन्ही एकादश्या घातल्या. सहा महिन्यांत आणखी जाड झाले. वैद्यांनी विचारले, उपासाला काय खाता? मी सांगितले, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, केळी, दूध. ते म्हणाले, "बाई, यापेक्षा जेवत जा."

मग मी नीट पाहिले. मला आग्रह करून कोणी वाढत नव्हते. मी सर्वांच्या शेवटी जेवत असे, आणि अन्न टाकायचे नाही म्हणून पातेल्यांत उरेल ते संपवत असे. अंगावर चढले ते हेच. तेव्हापासून पुरुषांची पाने वाढण्याआधी मी माझे ताट काढून झाकून ठेवू लागले. मागे उरेल ते म्हशीला. तूप थोडे, भात एकदा, रात्री भाकरी. दीड वर्षात मी उतरले, आणि या श्राद्धापर्यंत नऊ वर्षे तशीच राहिले होते.

अडीच वर्षांपूर्वी धाकटी पहिल्यांदा सुटली तेव्हा तिचे दुखणे माझ्याहून वाईट होते. विहिरीवरून घरी येईपर्यंत ती दोनदा बसे, पाय सुजत. वैद्यांनी दिरांना आणि सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितले होते की अंगावरचा हा भार उतरला नाही तर छाती किती दिवस साथ देईल याची हमी देता येत नाही. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी दोघींना ठाण्याला घेऊन आले. चार महिने ती माझ्या स्वयंपाकघरात माझ्या पद्धतीने जेवली आणि चांगली उतरली. गोकुळाष्टमी झाल्यावर दीर न्यायला आले. टांगा दाराशी उभा असताना तिने मला विचारले, "जाऊबाई, पुढे हे सोपं होतं का हो?"

"होतं की," मी म्हटले. "एक वर्ष काढ. मग आठवणसुद्धा येणार नाही."

खरे उत्तर लांब होते आणि टांगेवाला ओरडत होता. शिवाय खरे सांगितले तर ती वाटेतच हात टेकील असे मला वाटले. या गोष्टीला आता दोन वर्षे झाली होती.

श्राद्धाचा स्वयंपाक कोणी चाखत नाही. ब्राह्मण जेवले, मग पुरुष, मग मुले. आम्ही दोघी बसलो तेव्हा ऊन कलले होते, आणि पहाटेपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. समोर वडे होते, खिरीचे पातेले अर्धे भरलेले होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "उरवू नका गं काही. पितरांचं अन्न उद्यावर जायचं नाही."

मी दोन वडे आणि वाटीभर खीर घेऊन थांबले.

"थोरलीला ठाण्याचं वारं लागलंय," सासूबाई म्हणाल्या. "चिमणीसारखं टिपते आणि उठते. धाकटे, तू घे गं पोटभर. तुझ्या हाडापेराला शोभतं." आणि त्या आत जाऊन आडव्या झाल्या.

धाकटी मान खाली घालून भराभर खात होती. मी म्हटले, "जरा सावकाश."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्हाला भूकच लागत नाही." तिने मान वर केली नाही. "मी वर्ष मोजलं, जाऊबाई. एक दिवस चुकवला नाही. गेल्या गोकुळाष्टमीला पुरं झालं. दुसऱ्या दिवशी उठले, तर भूक होती तश्शीच. आणखी एक महिना वाट पाहिली. मग म्हटलं, तुमचं सोपं झालं आणि माझं होत नाही, म्हणजे माझ्याच जिभेत खोट आहे. खादाड ती खादाडच राहायची."

"माझंही झालं नव्हतं," मी म्हटले. "मी तुला खोटं सांगितलं."

तिचा हात थांबला.

मग जे दोन वर्षांपूर्वी सांगायचे ते सांगितले. पहिली दोन वर्षे मी रोजचा दिवस रेटून काढला. तिसऱ्या वर्षी भुकेचा आरडाओरडा कमी झाला. पाचव्यानंतर साध्या दिवशी विचारही करावा लागेना, हातच बेताने वाढू लागला. तेवढे सोपे होते, आणि ते काही थोडे नाही. पण सणावाराला, आजारपणानंतर, घरात कोणाशी वाजले की, सगळे पुन्हा पहिल्या दिवसासारखे होते. "या घटकेलाही ती खीर मला दिसतेय," मी म्हटले. "तू उठून गेलीस तर पातेलं पुसून ठेवीन."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू महिनाभरही धरलं नसतंस."

"ते माझं मी ठरवलं असतं," ती म्हणाली.

मी खिरीचे पातेले बाजूला सरकवले. ती पुढे म्हणाली, "आणि तुमच्या घरी चुलीची धनीण तुम्ही. इथं मी आधी ताट काढलं तर सासूबाई गाव गोळा करतील." हेही खरे होते. नऊ वर्षे मी कोणाला विचारले नव्हते, कारण ठाण्यात विचारायला कोणी नव्हते. हे माझ्या तेव्हा लक्षातच आले नव्हते. उरलेली खीर आम्ही परसातल्या गाईला घातली आणि भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघणार होते. निघाले नाही. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटले, "धाकटीचं ताट आजपासून पुरुषांच्या आधी काढून ठेवायचं. वैद्यांनी काय सांगितलंय ते तुम्हाला ठाऊक आहे."

"माझ्या घरात बायका आधी वाढून घेत नाहीत."

"आज अविधवा नवमी," मी म्हटले. "नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. पुढल्या वर्षी या दिवशी तिचं पान मांडायचं असेल तर तसं सांगा."

सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली. मी स्वयंपाकघरात गेले. देवाला नैवेद्य दाखवून झाला होता. मी धाकटीला हाक मारली, ताट तिच्या हातात दिले आणि तिचे तिला वाढून घ्यायला सांगितले. तिने एक मूद भात घेतला, थोडा थांबून त्यातला घासभर परत ठेवला, आणि ताटावर झाकण घातले.