वहीत आबांचं नाव नव्हतं

मैत्रिणींनो, आज दुपारी पाळणाघरानं माझ्या सासऱ्यांना त्यांची नात दिली नाही.

आबा दौलताबादहून सीताफळं घेऊन न सांगताच आले आणि थेट पुंडलिकनगरच्या पाळणाघरात ओवीला घ्यायला गेले. माझी तीन वर्षांची ओवी "आबाऽ" करत धावली. पण पाळणाघर चालवणाऱ्या शाहीन आपांनी तिला कडेवर उचललं. "राग मानू नका आबा. वहीत फक्त आई-बाबांची नावं आहेत. त्यांना विचारल्याशिवाय लेकरू देता येत नाय."

माझा फोन मीटिंगमुळं सायलेंटवर, नवऱ्याचा लागेना. तासाभरानं आपांचे मिसकॉल दिसले आणि मी क्रांती चौकातून रिक्षा पकडली. आपांचा संताप आला होता. खरं तर चूक माझीच. सख्ख्या आजोबांचं नाव काय लिहायचं, असं वाटलं होतं.

पोचले तर दाराला आतून कडी. खिडकीतून पाहिलं, तर सतरंजीवर आबा ओवीला सीताफळ भरवत होते. आपा समोर बसून एकेक बी काढायला लावत होत्या.

"आबा, चुकलं माझं," आपांनी दार उघडल्यावर मी म्हटलं.

"लई तापलो होतो," आबा म्हणाले. "मग ध्यानात आलं. मला देत नाय, तर ही बाई दुसऱ्या कुणाला देईल का?"

आपा, तुमचे उपकार कसे फेडू?

तुम्ही कुणाकुणाची नावं दिलीत वहीत? आजच बघा. आबांचं नाव मी लगेच लिहिलं. तरी आपांनी त्यांचं आधार कार्ड मागितलंच, आणि आबांनी हसत हसत काढून दिलं.