पहिली निवड

मी अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे होते तेव्हा दर शनिवारी नातीबरोबर मॉलमध्ये चालायला जायचे. तिथल्या बाकावर एक उंच, म्हातारे गृहस्थ मित्राशी आपल्या सतत हरणाऱ्या अमेरिकन फुटबॉल संघावरून भांडत असायचे. मांडीवर डोनटचा खोका आणि हातात स्वतः लिहिलेली नव्या खेळाडूंची यादी. दरवर्षी सगळे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्याला ते ड्राफ्ट म्हणायचे.

"ड्राफ्टमध्ये परत चेंडू झेलणाराच घेतला! अडवायला काय मॅनेजरची सासू येणार?" ते यादीवर बोट आपटायचे.

"कोचनंच मागितला असेल," मित्र म्हणायचा.

नात हसत हसत मला सगळं मराठीत सांगायची.

एकदा मी तिला हळूच विचारलं, "एवढ्या हरणाऱ्या संघाला चांगला खेळाडू मिळतो कसा?" तिनं थेट त्यांनाच विचारलं. मी लाजून खाली बघितलं.

ते म्हणाले, "जो सगळ्यात जास्त हरला, त्यानं आधी निवडायचं. असाच नियम आहे." मग त्यांनी भरलेला खोका माझ्यापुढे धरला. "तुम्ही आधी."

सगळे जेवून उठल्यावर उरेल ते मी घेत आले होते. माझा हात घुटमळला.

"मॅनेजरसारखं चुकू नका हं!" मित्र म्हणाला.

मी चॉकलेटचा उचलला. गृहस्थांनी मान डोलावली.

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. आता गावी अजून शेवटीच जेवते, पण घरात जिलबी आली की पहिली मी उचलते.