रेणुकाला आज मीच घरी ठेवलं

मित्रांनो, आज माझ्या हातून जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी सेलू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. आज मुलांचं वाचन तपासायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. माझ्या वर्गातली रेणुका मेंढपाळाची मुलगी. चार महिने कळपासोबत फिरून आलेली, म्हणून जोडाक्षरांना अडखळते. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तिला आज बोलवू नका. शाळेचा निकाल खाली येतो."

मी सकाळी रेणुकाच्या पालावर, त्यांच्या तंबूवर, जाऊन तिच्या आईला तसं सांगितलं. रेणुका गणवेश घालून तयार होती. "बाई, मला येतंय की आता वाचायला," ती म्हणाली. मी म्हटलं, "उद्या ये."

तपासणी छान झाली. साहेबांनी माझं कौतुक केलं.

शाळा सुटल्यावर पुन्हा पालावर गेले. आई एकटीच होती. "तिच्या बापानं नेलं तिला मेंढरामागं, देवगाव फाट्याकडं. म्हणला, बाईच येऊ नको म्हणायल्यात, तर कशाला घालायची साळंत?"

मी तशीच पालावरून परत आले.

शिक्षक मित्रांनो, तुम्हीही असं कुणाला घरी ठेवलंय का? उद्या मी फाट्याकडे जाणार आहे. तिच्या बापाला काय सांगू?