इवायांची बांधाबांध

उदगीरपासून नांदेडपर्यंतच्या मुलखात माझ्या इवायांइतका वस्तू बांधून ठेवणारा माणूस झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. सोयरीक जमवायला ते पहिल्यांदा मुखेडला आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्या चष्म्याला दोरी होती, पेनाला दोरी होती, छत्रीला दोरी होती, आणि खिशातलं पाकीट आतून शर्टाच्या काजाला बांधलेलं होतं. माझी बायको वाढता वाढता आत आली आणि मला म्हणाली, "पोरगं तरी मोकळं हाय का? का तेबी खुट्याला?" मी तिला गप्प केलं. मुलीच्या बापाने अशा वेळी हसायचं नसतं.

इवाई एसटीत होते. आधी कंडक्टर, मग उदगीर स्टँडवर नियंत्रक. टपावरून पडलेली गाठोडी, ट्रंका, एकदा तर नवरीचा रुखवत, हे सगळं रस्त्यातून गोळा करत त्यांची नोकरी सरली आणि त्यातून त्यांनी आयुष्याचं एक सूत्र काढलं: "बांधलं न्हाई ते आपलं न्हाई." घरातल्या तांब्यांना साखळ्या आल्या. देवघरातली घंटा कुणी हलवू नये म्हणून तारेने जखडली गेली आणि मग ती वाजेना. निवृत्त झाल्यावरही ते रोज स्टँडवर जाऊन बसत आणि निघालेल्या गाडीच्या टपाकडे बघून नव्या नियंत्रकाला हाक मारत, "साहेब, मागची बोरी ढिली हाय." तो बिचारा बेजार झाला. शेवटी त्याने माझ्या जावयाला फोन करून सांगितलं, "तुमच्या वडलांना काहीतरी नाद लावून द्या."

जावई हैदराबादला नोकरीला होता. तिथल्या एका सोबत्याने विकायला काढलेली दोन माणसांची प्लास्टिकची कयाक, म्हणजे मासे धरायची अरुंद, लांबट होडी, त्याने जीपच्या टपावर घालून उदगीरला आणली. गल्लीतल्या लोकांना ती गुरांना पाणी पाजायची डोण वाटली. इवायांनी मात्र होडी पाहण्याआधी ती टपाला कशी बांधलीय ते पाहिलं, दोन गाठींना नावं ठेवली आणि मगच पोराला घरात घेतलं.

त्यानंतर तलावावर जायला त्यांनी तीन महिने घेतले. होडी अंगणात आणि इवाई होडीत. बैठकीच्या मागे त्यांनी टोमॅटोचं कॅरेट ठेवलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ते चारी बाजूंनी आवळलं. कॅरेटच्या कडेला पाइपचे तुकडे उभे केले, त्यात गळाच्या काठ्या. नांगर म्हणून घरातला वरवंटा गेला. पक्कड, चाकू, गळांचा डबा, चुन्याची डबी, पाण्याची बाटली, वल्हं, प्रत्येकाला नायलॉनची स्वतंत्र दोरी आणि प्रत्येकाची जागा म्हणजे एक फलाट. चाकू फलाट दोनवर. पक्कड चारवर. ते डोळे मिटून बसत, माझी लेक झाडता झाडता ओरडे, "मामा, पक्कड!" आणि त्यांचा हात बरोबर फलाट चारवर जाई. चुकून डबी हाती आली की ते सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधत. वजनाचंही तसंच. डाव्या अंगाला डबा ठेवला की उजव्या अंगाला तेवढ्याच वजनाचं काहीतरी हवं. मी भेटायला गेलो की नमस्काराआधी विचारत, "इवाई, आता किलो किती भरता?"

आणि एवढं करून ते मासा खात नसत. काट्यांवर त्यांचा राग होता. "कुठंबी ठेवलेत," ते म्हणायचे. "काही सिस्टीमच न्हाई." गळाला लागलेला मासा ते नीट सोडवत, उलटापालटा करून बघत आणि पाण्यात परत सोडत. ती एकच वस्तू त्यांनी कधी बांधली नाही.

आता मला लिहायचं आहे ते लिहितो. माझं वय झालंय आणि इवायांचं माझ्याहून जास्त.

त्या दिवशी मागच्या बैठकीवर मी होतो. जावयाने अट घातली होती की एकट्याने जायचं नाही, आणि घरातला प्रत्येक जण काही ना काही कारण काढून निसटला होता. मी पाहुणा. मला नाही म्हणता येईना. दोघांनी लाइफ जॅकेट घातली. गावाबाहेरच्या साठवण तलावात काठापासून थोडंसं आत जाऊन इवायांनी वरवंटा सोडला आणि पुढे तोंड करून गळ टाकला. मी त्यांच्या पाठीमागे, आणि माझ्या पायांत त्या सगळ्या दोऱ्यांचं जाळं.

मी आयुष्यभर मुखेडला कापडाचं दुकान चालवलं. आमच्या धंद्यात बांधलेला गठ्ठा म्हणजे न खपलेला माल. गठ्ठा आला की सोडायचा, दोरी चार बोटांवर गुंडाळून मधे आढा, म्हणजे आडवा वेढा, मारून ठेवायची आणि माल उजव्या हाताशी घ्यायचा, गिऱ्हाईक आलं की बसल्या जागेवरून काढता आला पाहिजे. गिऱ्हाईक तिथे कोण येणार होतं? पण हाताला ते कळत नाही. मला वाटलं, इवायांना जरा सोयीचं करून देऊ. मी ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या, माझ्या पाठीमागचं कॅरेट उचलून उजव्या अंगाला ओढलं, एकेक दोरी सोडून सुबक लडी केल्या. सामान कसं हाताशी आलं, ते पाहून मला समाधान वाटलं. तेवढ्यात गळाला मोठा मासा लागला. इवाई उजवीकडे झुकले. मासा बघायला मीही उजवीकडे झुकलो.

पाणी छातीएवढं होतं, जीवाला काही झालं नाही. मेंढरं चारणाऱ्या मेंढक्यांनी आम्हाला काठावर ओढलं. काठ्या, पक्कड, चाकू, डबा, सगळं तळाला गेलं. वल्हं वाऱ्याने पलीकडे लागलं. इवायांनी पहिलं काय विचारलं असेल? "इवाई, चष्मा हाय का तुमचा?" माझा चष्मा होता. त्यांचा नव्हता, त्याची दोरी काही मी सोडली नव्हती, ती तुटली.

सुट्टीवर घरी आलेला जावई धावत आला. "बाबा, बांधलं नव्हतं का?"

पाण्यावर माझी एक लडी तरंगत होती. चार बोटांची, मधे आढा मारलेली. इवायांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि ओल्या खिशात घातली. "राहिलं आज," ते म्हणाले. "इसरलो."

 लेकीच्या सासरी, सगळ्यांसमोर, ओल्या धोतराने मला बोलता आलं नाही. उद्या बोलू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी मुखेडची गाडी धरली.

गोष्ट तिथेच संपली असती तर मी हे लिहायलाही बसलो नसतो. पण जो माणूस देवघरातली घंटा बांधतो तो होडीतलं सामान बांधायला विसरतो, याचा घरच्यांनी एकच अर्थ लावला. त्यांना लातूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. इवायांनी सगळं बरोबर सांगितलं, तरी गोळ्या सुरू झाल्या. स्कूटरची चावी माझ्या लेकीने काढून घेतली, माझ्याच लेकीने, आणि काळजीपोटी. त्यांनी गॅस बंद केला की मागून कुणीतरी जाऊन बघे. होडी गच्चीवर गेली आणि तिच्यात मिरच्या वाळू लागल्या. तीन वर्षं त्या माणसाने "मी इसरलो नव्हतो" एवढं एक वाक्य तोंडातून काढलं नाही. सुनेच्या बापाची मान सुनेसमोर खाली जाऊ द्यायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बहुतेक लोक ती लग्नाच्या मांडवापुरती पाळतात.

गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या जावळासाठी गेलो होतो. पंगतीत त्यांचे धाकटे भाऊ मोठ्याने म्हणाले, "दादा, धोतर बांधलंय का बराबर? का तेबी इसरलाव?" पंगत हसली. इवाईही हसले. आणि मग मला कळलं की मीही हसतोय.

मी हातातला घास खाली ठेवला. "दोऱ्या मी सोडल्या होत्या," म्हणालो. "त्यांनी सगळं बांधलं होतं. मी सोडलं."

कुणाला काही उमगेना. इवायांना उमगलं. "जेवा, इवाई," ते घाईने म्हणाले. "वरण गार व्हायलंय."

"न्हाई, मला बोलू द्या." आणि मी सगळं सांगितलं, लडीसकट. लेक वाढायची थांबली. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. जावयाने बापाकडे पाहिलं आणि बराच वेळ नजर काढली नाही.

हात धुताना इवाई माझ्याजवळ आले. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते रागावले होते. "कशाला सांगितलंत? तीन वरसं सांभाळलं मी ते. एका घासात सांडलंत."

"गोळ्या खाल्ल्यात तुम्ही माझ्यापायी."

"गोळ्यांचं काय, इटामिनच्या असत्यात." मग हळूच म्हणाले, "स्कूटरीची चावी देतील का आता?"

चावी त्याच संध्याकाळी लेकीने स्वतः आणून त्यांच्या हातात ठेवली.  माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

जावयाने होडी गच्चीवरून उतरवली, धुतली. मिरचीचा खकाणा काही जाईना; बाप-लेक दोघेही शिंकत शिंकत बांधत होते. मी लांब बसून पाहत होतो. इवायांचा हात आता पूर्वीसारखा बसत नाही. मारलेली एक गाठ दोनदा सुटते. पोरगा मदतीला वाकला की ते त्याचा हात बाजूला करत. शेवटी एका गाठीला त्यांनी तो राहू दिला.

सकाळी ते दोघे तलावात गेले. मी काठावर राहिलो. मेंढरं घेऊन एक म्हातारा आला, होडीकडे बघत माझ्याशेजारी टेकला.

"त्या वक्ताला बुडलेले ते हेच नव्हं?"

"ते बुडले नव्हते," मी म्हणालो. "मी बुडवलं होतं त्यांना."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मग काठावरच बसा," म्हणाला आणि मेंढरांमागे निघून गेला.

होडी लांब गेली होती. कोण बाप, कोण लेक, ते आता ओळखू येत नव्हतं. पुढचा माणूस खाली वाकून काहीतरी करत होता, बराच वेळ करत होता, आणि मागचा त्याला घाई करत नव्हता.