कोऱ्या पानांचे अभिप्राय

"आवडलं ते राहू द्या, काय खटकलं ते सांगा," असं म्हणत सर समोरच्याच्या शर्टाचं बटण दोन बोटांत धरायचे. उत्तर मिळाल्याशिवाय बटण सुटायचं नाही. लोहाऱ्यात त्यांना बघून रस्ता बदलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातली निम्मी त्यांचेच विद्यार्थी.

आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि त्यांनी मासिक काढलं. विज्ञान, समाज आणि अध्यात्म यांना एका सतरंजीवर बसवायचं, हा त्यांचा हट्ट. अंकाची जुळणी माझ्या टायपिंगच्या दुकानात व्हायची. "डॉक्टर आणि कीर्तनकार एकाच पानावर भांडले पाहिजेत," ते म्हणायचे. "भांडण झालं तरच कुणीतरी वाचलं म्हणायचं."

भांडण कुठलं हो! आपल्याकडं अंक वाचत नाहीत, अंकाचं प्रकाशन करतात. पहिल्या अंकाला फेटे झाले, शाली झाल्या, नारळ झाले. सगळ्यांनी अंक छातीशी धरून फोटो काढले. "लई भारी अंक, सर!" "संग्राह्य!" मोबाइलवर जोडलेल्या हातांची रांग लागली. सर ती वर सरकवत राहायचे. "ह्यात माझ्या लेखाचं काईच न्हाय रे," म्हणायचे.

मग तो अंक आला. टपालात पडल्यावर लक्षात आलं, की छापखान्यानं मधली आठ पानं कोरीच सोडली आहेत. नेमका तिथंच सरांचा सगळ्यात जिवाभावाचा लेख होता, ग्रहण आणि गरोदर बाईवरचा. अनुक्रमणिकेत नाव होतं, आत पांढरा कागद. मी म्हणालो, पुन्हा छापू. सर म्हणाले, "थांब. फोन येतील."

फोन आले. अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं ठोकणारे एक वकील म्हणाले, "मधला लेख परखड!" भजनी मंडळाचे प्रमुख म्हणाले, "मधल्या लेखात संस्कार जपलेत तुम्ही." एका निवृत्त मुख्याध्यापकांना तर तो वाचताना गहिवरून आलं होतं.

मी पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. पुढच्या अंकात त्यांनी हे सगळे अभिप्राय नावानिशी छापले आणि खाली लिहिलं, ही पानं कोरी होती. मला वाटलं, आता तरी गावात आग लागेल. झालं काय? ज्यांची नावं आली, त्यांनी त्याच पानाचा फोटो स्टेटसला लावला. खालची ओळ वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. मला त्या माणसांचा तेव्हा राग आला, आजही येतो.

तो शेवटचा अंक. त्यानंतर सर दुकानात यायचे, चहा प्यायचे आणि न बोलता उठून जायचे. या हिवाळ्यात गेलेच.

शोकसभेत तेच वकील, तेच प्रमुख. "मासिकानं तालुक्याला दिशा दिली!" मला बसवेना. उठलो आणि सरांच्या घरी गेलो. काकू सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी तिरमिरीतच म्हणालो, "अख्ख्या तालुक्यात सरांना एक वाचक मिळाला नाही, काकू."

"मला कुठं वाचता येतंय बाबा," काकू म्हणाल्या. "पर छापायच्या आधी मोठ्यानं वाचून बघायचे. आतून समदं ऐकलंय म्या. ते गिराणाचं मला न्हाय पटलं."

"काय नाही पटलं?"

"गिराणानं पोटातल्या लेकराला काई होत न्हाय, बाईनं खुशाल काम करावं, आसं लिवलं. खरं आसंल. पर त्या येळंला चिरायचं न्हाय, शिवायचं न्हाय. तेवढाच बाईला इसावा. पाच बाळंतपणं झाली माझी. तेवढा इसावाबी काढून घेतला त्यांनी."

"मग सरांना सांगितलं का नाही?"

काकूंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला कुठं इचारलं त्यांनी?"