ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी

आमची भाताची गिरणी होती, कर्जतहून खालापूरकडे येताना गावाच्या तोंडाशीच. मोटर सुरू झाली, पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे. त्यामुळे आमच्या ह्यांना ओरडून बोलायची सवय लागली ती लागलीच. घरात मीठ मागितलं तरी दोन घरं सोडून पलीकडे कळायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हे सारखे रागावलेलेच असतात. पुढे समजलं, राग आला की हे उलट गप्प बसतात.

आवाज बसला तेव्हा आम्ही सगळा दोष कोंड्याच्या धुळीला दिला. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. भातं कापून झाली, झोडून झाली, थंडी पडली, तरी आवाज काही परत येईना. शेवटी लेकीनं हट्ट धरला आणि मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मग आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्रच काढावं लागेल. गळ्याला खाली एक छिद्र पाडतील, श्वास तिथूनच घ्यायचा. पुढे सराव करून थोडंफार बोलता येतं काहींना, पण हा आवाज राहणार नाही.

ह्यांनी एकच विचारलं, "जीव राहील ना?"

"राहावा म्हणूनच करतोय," डॉक्टर म्हणाले.

"मग करा."

ऑपरेशनची तारीख ठरली, पण खाट त्याच दिवशी सकाळी रिकामी होणार होती. आदल्या दिवशी रक्ताच्या तपासण्यांसाठी मात्र हजर राहायला सांगितलं होतं. मी म्हटलं, कुठेतरी धर्मशाळेत पडू एक रात्र. लेक पुण्याला नोकरी करते. ती फोनवर चिडली. "बाबांना झोप नको का आई? मी खोली घेतलीय तुमच्यासाठी. हॉस्पिटलपासून जवळच आहे. मी सकाळी पोचते. तुम्ही फक्त जा आणि राहा."

तिनं घेतलेली खोली कसली, ते मला दारात उभं राहिल्यावर कळलं. काचेचा दरवाजा एका फेटेवाल्या उंच माणसानं उघडला आणि आम्हाला वाकून नमस्कार केला. ह्यांनी हातातली पिशवी खाली ठेवून त्याला तितकाच वाकून नमस्कार केला. आत गारवा आणि मोगऱ्यासारखा कसलासा वास. फरशी इतकी चकचकीत, की माझं लुगडं मला खालून दिसत होतं. मी जपून पाय टाकत होते. हे मात्र शेताच्या बांधावरून चालावं तसे सरळ काउंटरपाशी गेले.

काउंटरवरच्या मुलीनं आमची आधार कार्डं घेतली, कॉम्प्युटरवर काही टाइप केलं आणि हसून मराठीत विचारलं, "आज काही खास आहे का, काका?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. घोगऱ्या, फाटक्या आवाजात हे म्हणाले, "हो. खासच हाय."

"अरे वा!" म्हणाली ती, आणि किल्ली म्हणून पत्त्याच्या पानाएवढं एक कार्ड आमच्या हातात दिलं.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "असं का सांगितलंत? तिला काय वाटलं असेल?"

"मग काय सांगू? उद्या गळा कापणार हायेत म्हणून?" हे म्हणाले. "पोर एवढी हसून विचारते. तिचं तोंड कशाला उतरवायचं?"

खोली खूप वर होती. एका भिंतीला नुसती काच, खाली समुद्र आणि त्याच्या कडेनं गाड्यांची रांग. पलंग एवढा मोठा, की आमच्या घरात तो ठेवला तर चालायला जागा उरली नसती. न्हाणीघराची भिंतही काचेचीच होती. मी आत जाऊन पडदा कुठे आहे ते शोधत बसले, तर ह्यांनी बाहेरून भिंतीवरचं एक बटण दाबलं आणि पडदा आपोआप खाली आला. त्यावर दोघंही हसलो. त्या दिवसात आम्ही हसलो ते तेवढंच.

मी पिशव्या उपसून तपासण्यांचे कागद एकीकडे, ह्यांचा टॉवेल एकीकडे ठेवत होते, तेवढ्यात घंटी वाजली. हॉटेलचा माणूस ट्रे घेऊन उभा. ट्रेवर छोटा गोल केक, त्यावर क्रीमनं इंग्रजीत काढलेली अक्षरं. बाजूला गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या.

"लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, सर. मॅडम." ट्रे ठेवून तो निघून गेला.

मी पलंगावर बसले. डोळ्यांतलं पाणी थांबेना. आमचं लग्न वैशाखातलं. इथे माघ चाललेला. आणि त्या बिचाऱ्या लोकांनी आमचं खास म्हणजे दुसरं काय असणार असं समजून हा केक पाठवला होता.

हे माझ्याशेजारी बसले. सुरी उचलली आणि मला म्हणाले, "ये. धर हात."

"मला नाय खायचा."

"आपल्या लग्नात केक नव्हता. आज आला तर आला." माझा हात सुरीवर ठेवून ह्यांनी केक कापला. एक तुकडा माझ्या तोंडात घातला, एक स्वतः खाल्ला. ह्यांना गिळताना त्रास व्हायचा. तेवढासा घास घशाखाली उतरायला बराच वेळ लागला. मी पाण्याचा पेला घेऊन थांबले. गिळून झाल्यावर म्हणाले, "गोड हाय. पण आपल्या घावण्यांची सर नाय."

सूर्य समुद्रात उतरायला लागला तेव्हा ह्यांनी फोन मागितला. काचेजवळची खुर्ची ओढून बसले आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

पहिला फोन नेरळजवळ दिलेल्या बहिणीला. तिच्याशी गुडघे, तिची सून, तिच्याकडच्या म्हशीचं दूध. बहीण विचारत होती, घसा कसा आहे. हे म्हणाले, "उद्या दाखवायचाय डॉक्टरला. बघू." दुसरा फोन लहान भावाला. त्याला बांधावरच्या जांभळाच्या फांद्या तोडू नकोस म्हणून बजावलं. तिसरा आता आमची गिरणी चालवतो त्या भाच्याला. त्याच्यावर तर हे चक्क ओरडले, म्हणजे ओरडायला गेले. "पट्टा ढिला झालाय, आवाजावरनं कळत नाय तुला? तांदूळ फुटतोय. बायका माझ्याकडे येऊन कण्या दाखवतात." मध्येच खोकला आला, तरी बोलणं सोडलं नाही.

मी मागे उभी राहून ऐकत होते आणि आतल्या आत चिडत होते. चौथा फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना. उद्या काय होणार आहे ते सांगा. नंतर कळल्यावर बहीण काय म्हणेल?"

"तू सांग नंतर."

"पण तुमच्या तोंडून..."

"माझ्या तोंडून ऐकलं तर ती रडंल. मग मी रडंन. मग तिच्या कानात माझा आवाज राहील तो रडका." खुर्चीतून माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हशीचं बोललेला राहू दे."

मी ह्यांच्या हातातून फोन घेतला.

लेकीनं मला एक काम सांगून ठेवलं होतं. बाबांचा आवाज मोबाईलमध्ये भरून ठेव, थोडा मोठा, काहीही बोलू दे. मी ते ह्यांना सांगितलं. हे तयार झाले. केस नीट केले, जणू फोटो काढायचाय. मी लाल बटण दाबलं आणि मोबाईल पुढे धरला. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही. लेकीसाठी."

"हां." घसा साफ केला. "तर मी... काय गं, चालू हाय का हे? लाल दिसतंय ते काय?" मग हात हलवून म्हणाले, "जाऊ दे. बंद कर. असं समोर धरलं की मला नाय जमत." एवढंच त्यात आलं. ते लेकीकडे आहे. ती ऐकते. मी एकदाच ऐकलं, परत ऐकायची हिंमत झाली नाही.

मग हे मला घरच्या गोष्टी सांगायला लागले. पागोळीचा पत्रा पावसाआधी बदलून घे. गिरणीच्या मीटरचं बिल भाच्याच्या नावावर करून घे, मागे लाग. मागच्या दाराची कडी बाहेरून ढकलली तर उघडते, सुताराला बोलाव. मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं आणि शेवटी मी म्हटलं, "आज हेच बोलायचंय का तुमाला?"

"मग काय बोलू?"

इतक्या वर्षांत आम्ही बोललो ते असंच. पत्रे, खत, लेकीची फी, पाहुणे किती येणार. त्याच्यापलीकडचं बोलायची आम्हाला कधी वेळ आली नाही, की आली तेव्हा आम्ही दुसरंच काही बोलत राहिलो, कोण जाणे.

बाहेर अंधारलं होतं. खाली दिवे लागले होते. आम्ही खोलीतला दिवा लावला नव्हता. हे काचेबाहेर बघत होते. आणि मग आवाज न चढवता, जवळजवळ पुटपुटत म्हणाले, "भीती वाटते गं."

ह्या माणसानं असं काही बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पुराचं पाणी गिरणीत शिरलं तेव्हा नाही, सासरे गेले तेव्हा नाही, लेक तापानं फणफणली होती तेव्हाही नाही. धीर द्यावा असं माझ्या मनात आलं. सगळं नीट होईल, असं म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. पण मलाही भीती वाटत होती. मी तेच सांगितलं. "मलाही वाटते."

ह्यांनी मान हलवली. माझ्याकडे सरकून बसले. आम्ही तसेच बसून राहिलो, हातात हात घेऊन. खोलीतली यंत्राची थंडी कशी कमी करायची ते आम्हाला सापडलं नाही, म्हणून मग गोधडीसारखी ती जाड पांढरी रजई आम्ही दोघांनी खांद्यावर ओढून घेतली. त्या रात्री ह्यांना झोप लागली. मला लागली का, ते आठवत नाही.

सकाळी ह्यांनी काही खायचं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. तरी मला खाली न्याहारीला घेऊन गेले. लेकीनं पैसे भरलेत ते वाया का घालवायचे, म्हणाले. ताटल्यांच्या रांगा, फळं, अंडी, डोसे, कितीतरी. हे स्वतः ताटली घेऊन फिरले, माझ्यासाठी इडली, चटणी आणि पपईच्या फोडी घेऊन आले. वाढणारा पुन्हा पुन्हा येऊन विचारत होता, "सर, तुमच्यासाठी?" हे प्रत्येक वेळी म्हणाले, "उपास हाय." मला एक घास जात नव्हता. पण हे समोर बसून बघत होते, म्हणून मी ती इडली संपवली.

लेक हॉटेलच्या दारातच भेटली, पुण्याहून पहाटेच निघाल्यानं चेहरा सुकलेला. हॉस्पिटलमध्ये कपडे बदलून घेतले, ढकलगाडीवर झोपवलं आणि ऑपरेशनच्या दाराकडे नेलं. दारापाशी गाडी क्षणभर थांबली. लेक वाकून ह्यांच्या कपाळावर हात ठेवून उभी होती. मी पुढे झाले. आयुष्यभर लक्षात ठेवावं असं काही तरी आता हे बोलतील, असं मला वाटत होतं.

हे म्हणाले, "माझ्या चपला खाटेखाली राहिल्यात. नीट ठेव. कुणी घालून जाईल."

दार बंद झालं. ह्यांच्या त्या जुन्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं. मी वर वॉर्डात गेले आणि चपला पिशवीत घातल्या.

ऑपरेशन नीट झालं. जीव राहिला. पण पुढचे महिने सोपे गेले नाहीत. छिद्र साफ करायला मी शिकले, त्यावर बांधायचे मऊ रुमाल शिवले. जेवताना, झोपताना, अंघोळीला, सगळीकडे त्याचीच काळजी. सगळ्यात जास्त त्रास झाला तो लोकांचा. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही अशी गावाची समजूत झाली. घरी आलेला माणूस ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, आणि ह्यांच्याबद्दल काही विचारायचं झालं तर मला विचारायचा, हे शेजारीच बसलेले असताना. जेवतात का? रागावतात का? ह्यांनी कोणाला काही म्हटलं नाही. उठून मागच्या पडवीत जाऊन बसायचे. हळूहळू मीही तसंच करायला लागले होते. ह्यांच्या वतीनं मीच उत्तरं देऊन टाकायचे. लवकर होतं ना.

पुढे डॉक्टरांनी छिद्रात एक बारीकशी झडप बसवली. छिद्रावर बोट दाबून श्वास सोडला की आवाज उमटतो. सपाट, खरखरीत, चढउतार नसलेला. शिकवायला एक बाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही खेपा घातल्या. हे घरी तासन्‌तास गोठ्यात एकटे बसून सराव करायचे. माझ्यासमोर बोलायला मात्र लाजायचे.

मागच्या उन्हाळ्यात जमिनीच्या वाटणीच्या कामासाठी आम्ही खालापूरला सरकारी ऑफिसात गेलो होतो. गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या माणसानं ह्यांच्या गळ्यावरचा रुमाल बघितला आणि नजर माझ्याकडे वळवली. "ह्यांचं नाव काय?"

सवयीनं मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मग रुमाल जरा बाजूला केला, बोट गळ्यावर दाबलं आणि टेबलावर थोडे वाकून स्वतःचं नाव सांगितलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव.

त्या माणसानं पेन उचललं आणि या वेळी तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, परत एकदा सांगाल का?"

ह्यांनी परत सांगितलं.