वाडीच्या तळ्याची पातळी

सकाळपासून पंचशीलाचं मॉडेल एकाच जागी अडत होतं. जमिनीखालचं पाणी तिनं संगणकावर चौकोनाचौकोनांत मांडलं होतं. प्रत्येक फेरीत संगणक चौकोनातली पातळी नव्यानं काढायचा. दोन फेऱ्यांतला फरक घटत शून्याशी आला, की उत्तर स्थिरावलं. इथं फरक खाली यायचा आणि हिवतापासारखा पुन्हा चढायचा.

जळकोटकडच्या वाडीतून, बौद्ध वस्तीतून शिकून बाहेर पडलेली ही मुलगी लातुरातल्या एका लहान सल्लागार कचेरीत भूजलाचं काम करायची. २०१६चा एप्रिल होता. शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी पोलीस उभे असत. जळकोटला पाणी द्यायला वाडीच्या विहिरी ताब्यात घ्यायच्या का, यावर दुपारी बैठक होती. विहिरींना तो उपसा झेपेल का, हे पंचशीलाच्या मॉडेलनं सांगायचं होतं. त्यातली एक विहीर तिच्या वस्तीची. पंचशीलाची आई, धुरपताबाई, त्याच विहिरीचं पाणी प्यायची.

कचेरीचे मालक किशनराव मागं येऊन उभे राहिले.

"काय मॅडम, लागलं का पाणी?"

"उत्तर ठरतच नाही, सर."

"मग किती फरक चालेल ती अट सैल कर की जरा. आपल्याला काय चंद्रावर जायचंय? उद्या उदगीर वेगळा जिल्हा झाला म्हणजे जळकोटची ही कटकट तिकडं जाईल. तवर निभावून ने."

तिनं अट सैल केली. संगणक लगेच शांत झाला. विहिरींना उपसा झेपत होता.

"बघ! काढ प्रिंट," म्हणत किशनराव आत गेले.

तिनं प्रिंट काढली नाही. आलेलं पाणी आणि गेलेलं पाणी यांचा मेळ बसत नव्हता. शिवाय असल्या दुष्काळात विहिरींकडं एवढं पाणी येत होतं ते तळ्यातून. वाडीचं तळं आटलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. नकाशावर पहिल्यांदा तिनं त्याचीच निळी कड आखली होती, आणि तिथली पातळी कायम धरली होती. कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

तिनं घरी फोन लावला.

"कुठं हायस, आई?"

"तळ्यात."

"म्हंजी पाणी हाय?"

"पाणी असतं तर मी काय मासूळी हाय, तळ्यात बसाया? मधोमध झिरा उकरलाय. वाटीवाटीनं भरून राहिले. सरजाबाईची घागर झाली की माझी."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुला सांगून काय व्हतंय? तू काय तितून पाणी सोडणार हायस?"

पंचशीलानं फोन ठेवून नकाशावरची निळी कड पाहिली. तेच तर तिनं केलं होतं. पातळी कायम धरल्यामुळं संगणक त्या तळ्यातून लागेल तेवढं पाणी काढून विहिरींना देत होता. काठच्या मुरमाच्या पातळ थरातले चौकोन एका फेरीत ओले, दुसरीत कोरडे होत होते, म्हणून फरक पुन्हा चढत होता.

तिनं ती पातळी पुसून तळं कोरडं धरलं. अट पुन्हा घट्ट केली. फरक उतरू लागला. जिथं तो दरवेळी चढायचा तिथं तिनं श्वास रोखला. तो चढला नाही.

उत्तर तिला हवं तसं नव्हतं. उपसा केला तर वस्तीची विहीर आठवड्यात कोरडी पडणार होती. नाही केला, तरी मे अखेर आटणारच होती.

किशनरावांनी कागद वाचला. "तुझं गाव आहे. म्हणतील, पोरीनं आपली विहीर वाचवली."

"वाचली कुठं, सर? दोन्हीकडून आटतेच आहे. तळं कोरडं आहे, कुणीही जाऊन बघावं."

"आणि मघाचं उत्तर?"

"माझी चूक. बैठकीत तेही सांगते."

किशनरावांनी गाडीची किल्ली उचलली. "मग तूच सांग. चल."

बैठकीनंतर वाडीच्या विहिरी ताब्यात घ्यायच्या यादीतून वगळल्या गेल्या. टँकरच्या यादीत वाडीचं नाव चढलं.

मे सरता सरता आईचा फोन आला. "विहीर आटली गं. टँकर तेवढा येळेवर आला बघ."

"हाव," पंचशीला म्हणाली. मॉडेल बरोबर निघाल्याचं तिनं कचेरीत कुणाला सांगितलं नाही.